लाल पेनवाले सासरे

मुलुंडच्या एका बाईंनी माझ्यामुळे आमटीत वाटीभर हिंग घातला होता. पाककृतीच्या पुस्तकात तसंच छापलेलं होतं आणि बाई नव्याने लग्न होऊन आलेल्या, छापील शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या. लेखिकेने चिमूटभर लिहिलं होतं, टाइप करणाऱ्याच्या हातून त्याची वाटी झाली आणि मी त्या वाटीवरून तीनदा नजर फिरवून पुढे गेलो. बाईंच्या सासूबाईंनी प्रकाशकाच्या ऑफिसात फोन करून विचारलं, की हे पुस्तक तपासणारा माणूस जेवतो की नाही.

मी जेवतो, चांगला दोन वेळा जेवतो. पण प्रूफ तपासताना मला आमटी दिसत नाही. मला व, त्याला काना, ट, त्याला दुसरी वेलांटी दिसते. ती जागच्या जागी असली की मी पुढे जातो. वाचक गोष्ट वाचतो, आम्ही मुद्रितशोधक अक्षरं वाचतो. गोष्टीत कोण मेलं, कोणाचं जमलं याच्यात जीव गुंतला, की डोळा घसरतो आणि चूक हातची निसटते. मला हे काम शिकवणारे नाईकमास्तर तर पान शेवटच्या ओळीपासून पहिल्या ओळीकडे वाचायचे. त्यांनी आयुष्यात शेकडो कादंबऱ्या तपासल्या आणि त्यांतल्या एकीचाही शेवट त्यांना ठाऊक नव्हता. मी त्यांचाच चेला. पस्तीस वर्षं हेच केलं, आता निवृत्त होऊनही घरबसल्या करतो.

या धंद्यात धक्के बसतात, आणि ते बहुतेक छापून झाल्यावर बसतात. एका ज्ञातिमंडळाच्या वार्षिकात सत्काराच्या आणि श्रद्धांजलीच्या मजकुराची अदलाबदल झाली. दोन्हींत एकही चूक नव्हती, मीच तपासले होते. आठ दिवसांनी बोरिवलीचे एक निवृत्त मुख्याध्यापक छत्री घेऊन ऑफिसात आले, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘मला नीट बघून घ्या.’ मी बघून घेतलं. आणखी एका गृहस्थांनी आत्मचरित्रात मेहुण्याचं नाव येईल तिथे अक्षर बारीक करायला लावलं होतं. का, ते पुस्तकात कुठेच नव्हतं. शेवटच्या प्रकरणात तर मेहुणा भिंगाशिवाय दिसेना.

पण हे सगळे हसून सांगायचे धक्के. मागच्या वर्षी बसला तो अजून उतरलेला नाही. तो सांगतो. नावं अर्थातच बदलली आहेत.

गणपती होऊन गेल्यावर मालाडच्या एका प्रकाशनातून अनघाचा फोन आला. ही तिथली संपादक, माझ्या मुलापेक्षा लहान, मला काका म्हणते. म्हणाली, एक हलकीफुलकी कादंबरी आहे. लग्न मोडलेली मुलगी परदेशात जाऊन नव्याने सुरुवात करते, प्रेमात पडते, अशी. लेखिका नवीन आहे, पोर्तुगालला असते, टोपणनावाने लिहिते. आणि तिने मुद्दाम सांगितलंय की प्रूफं तुम्हीच बघायची.

माझी छाती फुगली. लेखकांनी मला नको म्हटल्याची उदाहरणं बरीच आहेत, कारण मी शंका फार काढतो. हवा म्हटल्याचं हे पहिलंच. परदेशातली लेखिका आपल्याला नावाने मागते, हे मी त्या दिवशी दूधवाल्यालासुद्धा सांगितलं.

हल्ली लेखक मोबाइलवर नाहीतर लॅपटॉपवर टाइप करून पाठवतात. तो मजकूर प्रेसच्या फॉन्टमध्ये नेला की रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, कधी अख्खी ओळ गायब होते. म्हणून मूळ प्रत कोणीतरी मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापील प्रुफावर बोट ठेवून ऐकायचं, ही जुनी पद्धत मी सोडलेली नाही. माझ्या घरी वाचायचं काम सुलभा करते. माझी बायको पालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. स्वल्पविरामासकट वाचते आणि आवाजात चढउतार येऊ देत नाही. दुपारी जेवणं झाली की तिच्या हातात टॅब, माझ्या हातात लाल पेन, असे आम्ही बसतो.

कादंबरी मजेदार होती, एवढं अक्षरं वाचतानाही कळत होतं. ईशा नावाची नायिका. तिचं लग्न दहा दिवसांवर येऊन मोडतं आणि ती पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या एका गावात हॉटेलच्या मुदपाकखान्यात नोकरी धरते. घरची आठवण येऊन एका रविवारी ती खोलीवर सुके बोंबील भाजते. धुराचा भोंगा वाजतो, घरमालकीण किंचाळत जिना उतरते आणि आगीचा बंब येतो. बंबावरचा तोमाश नावाचा तरुण नळी घेऊन वर चढतो, आग शोधतो, आग नसतेच, मग तो तव्याकडे बोट दाखवून हे खातात का म्हणून विचारतो. पुढच्या रविवारी तो भोंगा न वाजताच येतो. घरमालकिणीला वाटतं, तो आपल्यासाठी येतोय, आणि ती केस रंगवते.

ईशाचे होणारे सासरे पहिल्या भागात होते. मराठीचे निवृत्त शिक्षक, खिशाला कायम लाल पेन. लग्नपत्रिका चार वेळा परत पाठवतात, केटररच्या मेनूकार्डावर खुणा करतात. बस्त्याच्या दिवशी दुकानाच्या पाटीतली चूक मालकाला दाखवायला जातात आणि इकडे साडी निवडून होते. मला फार हसू आलं. मी सुलभाला म्हटलं, असले नग असतात गं खरोखर. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ वाचायला घेतली.

दुसऱ्या दिवशी लग्न मोडल्यानंतरचा भाग आला. सासरे सगळ्या नातेवाइकांना मोबाइलवर निरोप पाठवतात, तो निरोप जसाच्या तसा दिला होता. ‘कळवण्यास खेद होतो, की चि. राहुल याचा नियोजित विवाह वधूपक्षाच्या इच्छेवरून रद्द झाला आहे. कृपया याबाबत कोणीही विचारणा करू नये, ही विनंती.’ सुलभाने वाचलं, मी बोट फिरवलं. एकही खूण करावी लागली नाही. मी खूश झालो. म्हटलं, आतापर्यंत हा एकच परिच्छेद निर्दोष आहे, मनावर घेतलं तर ही मुलगी उत्तम लिहील.

सुलभाने टॅब उलटा करून मांडीवर ठेवला.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘हा तुम्ही लिहिलाय.’

मला काही क्षण खरंच कळेना ती काय म्हणतेय. मग कळलं आणि मी लाल पेन बंद केलं.

सहा वर्षांपूर्वी आमच्या निखिलचं, आमच्या एकुलत्या एका मुलाचं, लग्न ठरलं होतं. मुलगी मानसी, दहिसरची, नदीकडच्या चाळीत राहणारी. वडील बस कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, गावाकडचे आमच्याच बाजूचे, मालवणी बोलणारे. लग्न दहा दिवसांवर आलं असताना निखिलने येऊन सांगितलं, की मानसी नाही म्हणतेय. मी हादरलो. पत्रिका वाटून झाल्या होत्या, हॉल ठरला होता. मी कागद घेतला आणि निरोप लिहिला, वर दिलाय तोच, राहुलच्या जागी निखिल एवढाच फरक. सगळ्या नातेवाइकांना, सोसायटीला, गावाच्या ग्रुपला पाठवला. वधूपक्षाच्या इच्छेवरून हे शब्द मी विचार करून घातले होते. आपल्या मुलाकडे बोट नको, एवढाच तो विचार.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मानसीचे वडील आमच्या दारात आले होते. हातात आम्ही दिलेल्या साड्यांची पिशवी. म्हणाले, ‘पोरीचा मन नाय, तर आम्ही तरी काय करणार? माफी मागूक इलंय.’ आणि त्यांनी हात जोडले. मी दारातच उभा होतो. मी त्यांना आत या म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. ठीक आहे म्हणालो आणि पिशवी घेतली. वर्षभरात निखिलचं त्याच्या ऑफिसातल्या श्वेताशी लग्न झालं आणि आम्ही तो विषय मिटवला.

आता त्या दुपारी मी कादंबरी पहिल्या पानापासून पुन्हा काढली आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा प्रूफ वाचकासारखं वाचलं. काल मी ज्या पानांवर काने आणि वेलांट्या नीट केल्या होत्या, त्याच पानांवर राहुल ईशाला रस्त्याकडेच्या ज्यूस सेंटरवर बोलावतो. माझं दुसऱ्या मुलीवर प्रेम आहे म्हणून सांगतो आणि तिलाच विनवतो, की तू नाही म्हण. बाबांची नुकतीच अँजिओप्लास्टी झाली आहे, मी मोडलं म्हटलं तर त्यांना सहन होणार नाही. ईशा मोसंबीचा रस तसाच ठेवून विचार करते. तिला लाल पेन दिसतं, चौथ्यांदा परत गेलेली पत्रिका दिसते. तो म्हातारा किती हौसेने करतोय सगळं, त्याला काही व्हायला नको, असं म्हणून ती हो म्हणते. घरी आईवडिलांनाही खरं सांगत नाही. हे पानभर मी तपासलं होतं. तीन खुणा केल्या होत्या.

माझी अँजिओप्लास्टी त्या वर्षी होळीनंतर झाली होती.

मी सुलभाला म्हटलं, कादंबरी आहे, मुलीने रचलं असेल. माझा आवाज मलाच खोटा वाटला. सुलभा म्हणाली, मला लग्न मोडलं तेव्हाच वाटलं होतं. मी चिडलो. तेव्हाच वाटलं होतं तर बोलली का नाहीस, असं विचारलं. ती शांतपणे म्हणाली, ‘तुम्ही लिहून पाठवून मोकळे झाला होतात.’

रविवारी निखिलला एकट्याला बोलावलं. तो घाटकोपरला राहतो, मुलीला घेऊन येतो नेहमी, त्या दिवशी एकटा आला. प्रुफात वाचलेलं बाहेर बोलायचं नाही हा आमचा नियम, म्हणून मी कादंबरीचं नाव काढलं नाही. सरळ विचारलं, मानसीचं लग्न कोणी मोडलं.

त्याने मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाला, ‘मी.’

‘आणि तिला गप्प बसायला कोणी सांगितलं?’

‘मीच. बाबा, तेव्हा तुमची तब्येत...’ पुढे तो जे बोलला ते मला त्याच्या खोटेपणापेक्षा जास्त लागलं. ‘पण तुम्ही एकदा तरी विचारलंत का? मी म्हटलं मानसी नाही म्हणतेय, आणि तुम्ही लगेच कागद घेऊन बसलात. कसं झालं, का झालं, काही नाही. तुम्ही मला वाचून दाखवलंत आणि विचारलंत, काही चूक आहे का.’

त्याचं खरं होतं. मी त्याला तेवढंच विचारलं होतं, आणि तो नाही म्हणाला होता.

लेखकाच्या पानापानावर प्रश्नचिन्ह काढणारा मी. हे अस्वल दुसऱ्या प्रकरणात मेलं होतं ना, म्हणून बालकथेच्या लेखकाला फोन करणारा मी. स्वतःच्या मुलाच्या एका वाक्यावर मी शंका काढली नाही. एका मुलीला सगळ्या नातेवाइकांत मी लग्न मोडणारी ठरवलं. चाळीत तिच्याबद्दल काय काय बोललं गेलं ते कादंबरीत आहे. तिने ते विनोदी करून लिहिलंय, मला ते दुसऱ्यांदा वाचवलं नाही.

पुस्तकात चूक राहून गेली आणि प्रती बांधून झाल्या, की आम्ही शेवटी एक पान चिकटवतो. अमुक पानावर असं छापलं आहे, त्याऐवजी असं वाचावं. शुद्धिपत्र म्हणतात त्याला. मुद्रितशोधकाला याच्याइतकी लाज कशाची वाटत नाही, कारण त्यात त्याची चूक कायमची छापली जाते. मी ठरवलं, ज्यांना ज्यांना तो निरोप गेला होता त्या सगळ्यांना शुद्धिपत्र पाठवायचं.

निखिलला सांगितल्यावर तो रडकुंडीला आला. श्वेताला आणि तिच्या घरच्यांना त्याने हेच सांगितलं होतं, की आधीच्या मुलीने मोडलं. ‘बाबा, सहा वर्षं झाली. आता कोणाला पडलंय?’

मी म्हटलं, ‘मला. श्वेताला तू सांग, बुधवारपर्यंत वेळ देतो.’

त्याने मंगळवारी सांगितलं. तिकडे काय झालं ते मी विचारलं नाही, पण पुढचे आठ दिवस तो आमच्याकडे जेवायला होता.

बुधवारी दुपारी सुलभाने टॅब घेतला आणि मी सांगितलं ते टाइप केलं. ‘सहा वर्षांपूर्वी मी पाठवलेल्या निरोपात वधूपक्षाच्या इच्छेवरून असं लिहिलं होतं. ते चूक आहे. त्याऐवजी माझा मुलगा निखिल याच्या इच्छेवरून असं वाचावं. मुलीचा आणि तिच्या आईवडिलांचा काहीही दोष नव्हता. मी खात्री न करता लिहिलं, याबद्दल त्यांची माफी मागतो.’ सुलभाने एकदा मोठ्याने वाचलं. मग ‘मी खात्री न करता’ या शब्दांवर बोट ठेवून म्हणाली, मी नाही, आम्ही म्हणा. तसं केलं.

पाठवल्यावर फोन सुरू झाले. कुडाळच्या चुलतभावाला वाटलं, माझा मोबाइल कोणी हॅक केलाय. एका आत्येबहिणीने विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना. गावाच्या ग्रुपवर कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं, त्याखाली आणखी तिघांनी टाकलं, पुढे कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला. मी मानसीच्या वडिलांच्या जुन्या नंबरवरही तोच मजकूर पाठवला होता आणि भेटायला येऊ का, असं खाली लिहिलं होतं.

त्या नंबरवरून संध्याकाळी फोन आला. आवाज बाईंचा होता.

‘निखिलचे बाबा ना? मी मानसीची आई. मेसेज मिळालो.’

मी काहीतरी बोलायला लागलो, माफीचंच असणार. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘हे असते तर त्यांका वाचून दाखवला असता. तीन वर्षां झाली त्यांका जावन. लेकीकडे जावचा म्हणान पासपोर्ट काढलेलो, तिकीट बघित होते. तेवढ्यात अ‍ॅटॅक इलो.’ पुढे त्या म्हणाल्या, ‘शेवटपर्यंत त्यांका वाटायचा, आपल्या पोरीन तुमका फसवलान.’

माझ्या दारात ज्याने हात जोडले, तो माणूस न केलेल्या गुन्ह्याचं ओझं घेऊन गेला, आणि ते मी त्याच्या हातात दिलं होतं. त्याच्यापुरतं माझं शुद्धिपत्र निघालंच नाही. भेटायला या की नको, ते बाईंनी सांगितलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही.

मधल्या काळात प्रूफं परत गेली होती. प्रुफांबरोबर आम्ही लेखकासाठी शंकांची यादी पाठवतो. डाव्या बाजूला आमची शंका, उजव्या रकान्यात लेखकाने उत्तर लिहायचं. माझ्या यादीत सतरा शंका होत्या. त्यातली एक नोंद शंका नव्हतीच. तिथे मी लिहिलं होतं, ‘पान ६१ वरचा निरोप खोटा होता. लिहिणारा मी. मला आत्ता कळलं. मानसी, मला माफ कर.’

मानसीच्या आईच्या फोननंतर चार दिवसांनी यादी परत आली. अनघाने काही विचारलं नाही, नुसती पाठवून दिली. सुलभाने ती मोठ्याने वाचली. पहिल्या शंकेला हो, दुसरीला हो, तिसरीला तुमचं बरोबर आहे, असं चाललं होतं. माफीच्या समोरचा रकाना कोरा होता. मला तो कोरा असणंच बरोबर वाटलं.

शेवटची शंका शेवटून दुसऱ्या प्रकरणातली होती. त्यात ईशाचे वडील तिला भेटायला पोर्तुगालला जातात. आयुष्य गाडीत उभं राहून काढलेला माणूस तिथल्या ट्राममध्ये खिडकीशी बसतो. तोमाशबरोबर मासळीबाजारात जाऊन मालवणीत भाव करतो आणि दोघांचं अगदी नीट जमतं. सुरुवातीला लिहिलं होतं, की ते पंधरा दिवसांसाठी आले. पण पुढचे रविवार, बाजारहाट, गावची जत्रा धरून मी दिवस मोजले तर एकवीस भरत होते. म्हणून मी विचारलं होतं, पंधरा की एकवीस. तेव्हा तिचे वडील गेलेत हे मला माहीत नव्हतं.

सुलभाने उत्तर वाचलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाचताना तिचा आवाज हलला.

‘एकवीस. बाबांना लवकर परत पाठवू नका, काका.’

मी पान काढलं, पंधरा खोडले आणि एकवीस केले.